विंडोज, मॅक आणि लिनक्स: एकच हार्डडिस्क तिघांत कशी फिरवायची?

ताई, तुमचा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी आधी थोडक्यात मांडतो. नागपूरला धरमपेठेत तुमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. अल्बमचं डिझाइन विंडोज ११ वर, व्हिडिओ एडिटिंग मॅकवर, आणि बिलं-हिशेबाला भाच्याने उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलेला जुना डेस्कटॉप. चार टीबीची एक यूएसबी हार्डडिस्क या तिघांत दिवसभर फिरते. मॅकवर तिच्यातलं सगळं दिसतं, पण आत काही टाकता येत नाही. उबुंटूवर कधी टाकता येतं, कधी ‘रीड-ओन्ली’ म्हणून अडतं. सीताबर्डीच्या एका दुकानात सांगितलं की ‘फॅट३२ मारून घ्या, सगळीकडे चालते’. मारायची का?

नका मारू. फॅट३२ ही डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची एक जुनी पद्धत, आणि ‘मारणं’ म्हणजे त्या पद्धतीने डिस्क फॉरमॅट करणं. ती सगळीकडे चालते हे खरं आहे, पण तुमच्या कामाला ती चालत नाही. तिच्यात ४ जीबीच्या आतलीच फाइल बसते, पूर्ण ४ जीबीचीही नाही. सेकंदाला पंचवीस मेगाबिटने रेकॉर्ड केलेला व्हिडिओ घेतला तर तेवीस मिनिटांत ही हद्द गाठली जाते. म्हणजे मंगलाष्टकं ते सप्तपदी एका फाइलमध्ये असेल, तर ती फाइल त्या डिस्कवर जाणारच नाही. आणि संदेश येतो तोही दिशाभूल करणारा. डिस्कवर तीन टीबी मोकळी दिसत असताना ‘फाइल मोठी आहे’ म्हणतो, आणि माणूस तासभर केबल बदलत बसतो.

आता तुमच्या डिस्कचं नक्की काय होतंय ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. ती डिस्क एनटीएफएसमध्ये आहे. एनटीएफएस ही विंडोजची स्वतःची पद्धत, १९९३ सालच्या विंडोज एनटीपासूनची. मॅक ती वाचतो, पण तिच्यात लिहीत नाही. हा बिघाड नाही, ॲपलने ते ठेवलेलंच तसं आहे. मॅकसाठी पैसे देऊन मिळणारे एनटीएफएस ड्रायव्हर आहेत, पॅरागॉनचा त्यातला माहितीतला. चालतात, पण मॅकचं मोठं अपडेट आलं की आधी त्या ड्रायव्हरचं नवं व्हर्जन आलंय का ते बघावं लागतं. ज्या मशीनवर उद्या सकाळी पार्टीला व्हिडिओ द्यायचा आहे, तिथे मी असा दुवा मधे ठेवत नाही.

उबुंटूचं कारण वेगळं आहे. लिनक्स एनटीएफएसमध्ये व्यवस्थित लिहितं. आधी एनटीएफएस-थ्रीजी या ड्रायव्हरने लिहायचं, आणि २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) थेट कर्नलमध्येच तशी सोय आली. अडचण आहे विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ची. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धी झोपते, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. त्या वेळी तुमची डिस्क लावलेलीच असेल, तर तिच्यावरही ‘हिचं काम अजून चालू आहे’ अशी खूण राहून जाते. मग तीच डिस्क उबुंटूला लावली की ते ती खूण बघतं आणि शहाणपणाने लिहायला नकार देतं. त्याने जबरदस्तीने लिहिलं असतं, तर सकाळी विंडोज आपल्या जुन्या आठवणीवरून पुढे लिहीत गेली असती आणि फोल्डर गेले असते. तेव्हा ‘रीड-ओन्ली’ आलं की उबुंटूवर राग काढू नका, त्याने तुमचे फोटो वाचवलेले असतात.

यावर उपाय सोपा आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती पुसट दिसत असेल तर वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करावं लागतं. एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी: ‘रीस्टार्ट’ केल्यावर विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन उठते, ‘शट डाउन’ केल्यावर नाही. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ केलं तर मात्र होते.

आता फिरत्या डिस्कला काय मारायचं? एक्सफॅट. ही मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये आणलेली पद्धत आहे. मॅकवर २०१० पासून, १०.६.५ या व्हर्जनपासून, ती वाचता-लिहिता येते. लिनक्सवर बरीच वर्षं अडचण होती, कारण पेटंट मायक्रोसॉफ्टकडे होतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला, त्याच वर्षी ५.४ कर्नलमध्ये ती आली, आणि २०२० च्या ५.७ कर्नलपासून सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला. जुन्या लेखांत ‘लिनक्सवर एक्सफॅट चालत नाही’ असं वाचाल, ते आता सोडून द्या. तुमच्या कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं किंवा त्याहून मोठं एसडी कार्डही एक्सफॅटच असतं. म्हणजे तुम्ही ती रोज वापरताच आहात.

फॉरमॅट मारताना एक गोष्ट बघा. डिस्क चार टीबीची आहे, आणि एमबीआर ही पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची, जुनी पद्धत दोन टीबीच्या पुढे जात नाही. म्हणून जीपीटी ही नवी पद्धतच हवी. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून, डाव्या बाजूला ‘डिस्क १’ असं लिहिलेल्या चौकटीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते. मॅकवर करत असाल तर डिस्क युटिलिटीत आधी ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ चालू करा. नाहीतर फक्त आतलं पार्टिशन दिसतं आणि ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ (जीपीटीचंच मॅकवरचं नाव) निवडायचा पर्यायच समोर येत नाही. मी स्वतः फॉरमॅट विंडोजवर मारतो, ॲलोकेशन युनिट आहे तसं ‘डिफॉल्ट’ ठेवतो, आणि मग मॅक आणि उबुंटू दोन्हींवर एकेक मोठी फाइल टाकून, परत उघडून बघतो. विंडोजवर ३.६३ टीबी आणि मॅकवर ४ टीबी दिसलं तर घाबरू नका. दोघांची मोजायची पद्धत वेगळी आहे, डिस्क तेवढीच आहे.

एनटीएफएसवरून एक्सफॅटवर डेटा जागच्या जागी ठेवून जाता येत नाही. आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करायचा, मग फॉरमॅट. ‘डेटा न जाता कन्व्हर्ट करून देतो’ म्हणणारं सॉफ्टवेअर कोणी सुचवलं, तर नम्रपणे नाही म्हणा.

आता एक्सफॅटचा उणेपणा, आणि हा भाग कृपया नीट वाचा, कारण डेटा उडतो तो इथे. एनटीएफएसला, मॅकच्या पद्धतींना आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ ला मधेच वीज गेली किंवा केबल निघाली तर स्वतःची रचना सावरायची सोय असते. एक्सफॅटला ती नाही. लिहिणं चालू असताना डिस्क उपटली, तर कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ताच अर्धा राहू शकतो, आणि कालच्या कार्यक्रमाबरोबर मागच्या महिन्याचं रिसेप्शनही जाऊ शकतं. विंडोज आता बाहेरच्या डिस्कवर लगेच लिहून मोकळी होते, त्यामुळे विंडोजवाल्यांना उपटायची सवय लागली आहे. लिनक्स तसं करत नाही. कॉपीची पट्टी शंभर टक्के होते तेव्हाही काही डेटा मेमरीतच असतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असतो, तो बघा. ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ म्हटल्यावर कधी दोन-दोन मिनिटं लागतात, तेव्हाच खरं लिहिणं चाललेलं असतं. थांबा.

आणि मॅकवरचा एक प्रकार तर मी स्टुडिओवाल्यांकडे पुन्हा पुन्हा बघतो. डिस्क आधी कुठेतरी नीट न काढता ओढलेली असते. मॅकला लावली की दिवा लागतो, पण डेस्कटॉपवर काही येत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काहीच नाही. खरं म्हणजे मॅक न बोलता आतून डिस्क तपासत असतो, आणि चार टीबीच्या भरलेल्या डिस्कला त्यात बराच वेळ जातो. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून नावांच्या यादीत एफएससीके ही अक्षरं शोधली, तर ते काम चाललेलं दिसतं. लोक या वेळी ‘गेली डिस्क’ म्हणून ती पुन्हा उपटतात आणि खरोखरच घालवतात. चहा घेऊन या, डिस्क येईल.

याच्याच जोडीला: विंडोजने ‘यू नीड टु फॉरमॅट द डिस्क’ विचारलं किंवा मॅकने ‘इनिशियलाइझ’ विचारलं, तर हात लावू नका. बऱ्याचदा डिस्क चांगली असते, फक्त त्या मशीनला तिची पद्धत कळत नसते. मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला लावा किंवा उबुंटूची ईएक्सटी४ डिस्क लावा, हाच प्रश्न येतो. ‘कॅन्सल’, आणि ज्या मशीनची ती डिस्क आहे तिथे जा.

एक्सफॅट डिस्कवर थेट काम करू नका, फक्त ने-आण करा. मोठ्या एक्सफॅट डिस्कवर विंडोज जागा १२८ केबीच्या तुकड्यांत वाटते, म्हणून दोन केबीची फाइलसुद्धा १२८ केबी खाते. रॉ फोटोंबरोबर येणाऱ्या, एडिटिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या छोट्या एक्सएमपी फाइल्स दहा हजार असतील, तर त्याच सव्वा जीबी होतात. वर मॅक बऱ्याचदा फाइलसोबत टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक छोटी सोबतीण ठेवतो, ती विंडोजवर दिसते आणि मुलं विचारतात हे व्हायरस आहे का. नाही. विंडोजवर पुसून टाकल्या तरी फोटोला काही होत नाही, फक्त मॅकवर लावलेले रंगीत टॅग वगैरे जातात. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, हिशेबाचा डेटाबेस, एडिटिंगचा चालू प्रोजेक्ट हे मात्र या डिस्कवर कधीच नको. ते ज्या-त्या मशीनच्या आतल्या डिस्कवर.

मराठी नावांबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण हे इंग्रजी मदतीच्या पानांवर सापडत नाही. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर फाइलचं नाव २५५ अक्षरांचं चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर ते २५५ बाइटचं चालतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘शुभविवाह’ एवढ्याच शब्दाला २४ बाइट गेले. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. तुमच्याकडे फोल्डरना ‘चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक शुभविवाह, सीमांतपूजन, हळद व संगीत’ अशी नावं असतात. त्यात दोघांची पूर्ण नावं आणि गावं आली की ती विंडोजवर आरामात चालतात, पण उबुंटूवर कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून त्याच एका फोल्डरवर अडतं. कॉपी शंभरातल्या नव्याण्णव फोल्डरची होते आणि एक राहतो, हा धोका आहे. तारीख आणि दोन आडनावं एवढंच ठेवा.

दुसरं, ‘वऱ्हाड’सारख्या शब्दातला अर्धा र. काही कीबोर्डवर तो ‘ऱ’ या एका चिन्हाने उमटतो, काहींवर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तर ‘ऱ’ सुद्धा तोडून र आणि नुक्ता असा साठवते. डोळ्याला तिन्ही सारखे, पण लिनक्सला तीन वेगळी नावं. त्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी उभे राहतात आणि अर्धे फोटो एकात, अर्धे दुसऱ्यात जातात. शोधतानाही सापडत नाही. आपल्या भागात ‘वऱ्हाडी मंडळी’ हा फोल्डर प्रत्येक लग्नात असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्याला ‘पाहुणे’ म्हणा.

नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा वापरलेला कोलन, तिरकी रेघ, अवतरण चिन्ह टाकू नका. विंडोजला चालत नाहीत. नावाच्या शेवटी टिंबही नको. आणि ‘फोटो’चं इंग्रजी स्पेलिंग एकदा मोठ्या, एकदा लहान लिपीत लिहिलं, तर लिनक्स ते दोन धरतं, बाकीचे एकच.

पाहुण्यांच्या टीव्हीसाठी ही डिस्क देऊच नका. जुने टीव्ही एक्सफॅट आणि जीपीटी दोन्हीला नाही म्हणतात. ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह एमबीआर आणि फॅट३२ मध्ये ठेवा, व्हिडिओ ४ जीबीच्या आतल्या भागांत काढा. फॅट३२ चा तेवढाच उपयोग.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण मला मनापासून वाटतं की तुमच्याकडे डिस्क फिरवायलाच नको, फाइल्स फिरवाव्यात. तीन मशीन एकाच खोलीत आहेत. नेटवर्कवरून फाइल मागितली की डिस्कची पद्धत कोणती हा प्रश्नच उरत नाही, कारण डिस्कला फक्त तिचं स्वतःचं मशीन हात लावतं आणि बाकीचे त्याच्याशी बोलतात. तुमचा तो हिशेबाचा उबुंटू या कामाला उत्तम आहे. त्यात आत एक चार टीबीची डिस्क बसवा, ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा, आणि सांबा टाका. सांबा म्हणजे लिनक्सला विंडोजच्या शेअरिंगच्या भाषेत बोलायला लावणारं मोफत सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची सुरुवात केली, आणि आज जगभरातल्या छोट्या-मोठ्या ऑफिसांत ते चालतं.

भाच्याला चार गोष्टी सांगा. सांबाचा पासवर्ड उबुंटूच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि तो वेगळा घालावा लागतो. नव्वद टक्के ‘कनेक्ट होत नाही’ इथे सुटतात. पासवर्डशिवायचं ‘गेस्ट’ शेअर करू नको, विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन ते आता सहसा उघडतच नाही. एसएमबीचं, म्हणजे त्या शेअरिंगच्या भाषेचं, पहिलं व्हर्जन चालू करायला कोणी सांगितलं तर करू नको. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. आणि मॅकसाठी सांबाचं ‘फ्रूट’ नावाचं मॉड्यूल चालू कर, म्हणजे त्या टिंबवाल्या फाइल्सचा पसारा होत नाही. राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी पत्ता पक्का करून ठेवायचा, नाहीतर एक दिवस राउटर बंद-चालू झाला की सगळ्यांचे शॉर्टकट मरतात. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबलं की पत्ता टाकायची चौकट येते. विंडोजवर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’.

वायफायवर हे करू नका. मशीनपासून राउटरपर्यंत कॅट ६ केबल टाका, आणि राउटरचे लॅन पोर्ट गिगाबिट आहेत ना ते खोक्यावर वाचा. गिगाबिटवर सेकंदाला शंभर-एकशेदहा एमबी मिळतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दहा मिनिटांत जातं. पोर्ट शंभर मेगाबिटचे असतील तर त्याच कार्डाला दीड तास. स्वस्त राउटरमध्ये बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक सांबाला हळू म्हणतात. तसं निघालं तर राउटर बदलायची गरज नाही, मधे एक पाच पोर्टचा गिगाबिट स्विच लावा आणि तिन्ही मशीन त्यावर जोडा.

उबुंटूच्या मशीनला यूपीएस हवाच. ईएक्सटी४ वीज गेल्यावर आपली रचना सावरते, पण नेमकी त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल ती परत आणून देत नाही.

नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरा. अनेक पोर्टेबल डिस्कच्या कागदावर चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश छापलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ च्या वर जातं. शूटवरून येताना डिस्क गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला थांबू नका. स्टुडिओत कूलर असेल तर डिस्क त्याच्या थेट झोतात नको; ती हवा गार असते, पण ओली असते, आणि यूएसबीच्या टोकांवर गंज धरतो. कूलर आणि डिस्कचं मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच नको. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं, डिस्क क्षणभर सुटते आणि पुन्हा लागते. एक्सफॅटला ते उपटण्यासारखंच आहे.

डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला किंवा कॉपी एका जागी अडायला लागली, तर विंडोजची ‘चेक डिस्क’ दुरुस्ती चालवू नका. मरत्या डिस्कवर ती दुरुस्ती उरलेलंही घालवते. डिस्क काढून बाजूला ठेवा, आधी तिची जशीच्या तशी प्रत काढायची, मग त्या प्रतीवर दुरुस्ती.

हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी करून टाका. एकदा मुहूर्त सुरू झाले की तुम्हाला फुरसत मिळणार नाही, आणि घाईत मारलेला फॉरमॅट सर्वांत महाग पडतो. क्रम असा ठेवा: आधी नवी डिस्क विकत घेऊन उबुंटूत बसवा. मग जुनी एनटीएफएस डिस्क उबुंटूला लावून सगळा डेटा आत घ्या. कॉपी झाल्यावर आरसिंक हे सॉफ्टवेअर चेकसमसह पुन्हा चालवायला भाच्याला सांगा. ते दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचून ताडून बघतं, आणि लांब नावांमुळे राहिलेले फोल्डर तिथेच उघडे पडतात. जुन्या डिस्कला मात्र लगेच एक्सफॅट मारू नका. ती कपाटात ठेवा, नव्या व्यवस्थेतून निदान एका लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ पार्टीच्या हातात पडू द्या. फिरवायला तोवर २५६ जीबीचा एखादा पेनड्राइव्ह एक्सफॅट करून पुरतो. जुन्या डिस्कला फॉरमॅट मारायची वेळ आली, तेव्हाही सगळ्या डेटाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरी आहे ना, एवढं आधी उघडून बघा.